रिकीब

दिवे गेले आणि घरातलं बोलणं थांबलं. प्रसेनजीतला त्यात वावगं काही वाटलं नाही. मे महिना होता, भारनियमन रोजचंच होतं, आणि संध्याकाळी वीज गेली की माणसं दोन घटका गप्प बसत असतील, असं तो धरून चालला होता. कसबा बावड्यातल्या नव्या कॉलनीतलं हे घर, त्यातलं हे जेवणाचं टेबल, पलीकडे लसूण सोलणारी बायको शालू, आणि टेबलाला टेकून उभ्या उभ्या कॉलेजातलं काहीतरी सांगणारी प्रीती, त्यांची एकुलती एक. अंधार झाला तशा दोघी थांबल्या. पंख्याचा वारा थांबला, मानेवर घाम आला. टेबलाच्या कडेवर बोटं ठेवून तो वाट बघत राहिला. लसणाचा वास तेवढा येत होता. खोटं कशाला बोला, त्याला थोडं बरंही वाटलं. हल्ली त्या दोघी बोलायला लागल्या की त्याच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. मग दिवे आले. प्रीतीचे दोन्ही हात हवेत होते, गाल फुगवलेले, ती कुणाची तरी नक्कल करत होती, आणि शालू हसून हसून पदराने डोळे पुसत होती. हसून डोळ्यांत पाणी यायला वेळ लागतो. दिवा लागल्याबरोबर कुणी तिथवर पोचत नाही. प्रीतीचे ओठ हलले आणि त्याबरोबर तिचा आवाजही आला, जसा काही तोही विजेवर चालत होता. "आणि मॅडम म्हणाल्या, बस खाली!" असं ती म्हणत होती. प्रसेनजीतही हसला. हसायची वेळ चुकू नये एवढं त्याला जमत होतं.

घरातली माणसं कुजबुजतात, हे त्याने पाचसहा वर्षांपूर्वीच मनाशी पक्कं केलं होतं. कारखान्यात तो मिल हाउसला इंजिनियर. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटायचा, गळीत सुरू व्हायचं, रोलरच्या तोंडात ऊस जायला लागायचा आणि मग पाचसहा महिने सगळं सुरळीत असायचं. उन्हाळ्यात हंगाम संपला, यंत्रं उघडून ठेवली, की घरात कुजबूज सुरू. त्याने त्याचा अर्थ असा लावला होता की उन्हाळ्यात प्रीतीला सुट्टी असते, मायलेकी दिवसभर एकत्र असतात, आणि दोन बायका एकत्र आल्या की तिसऱ्याची भाजी चिरली जाते. कोल्हापुरात कुजबुजणं ही साधी गोष्ट नव्हे. ह्या गावात माणूस गुपितसुद्धा चौकात उभा राहून सांगतो, आणि पलीकडच्या पानपट्टीवाल्याने त्यात भर घातली तर त्याला राग येत नाही. अशा गावात कुणी आवाज खाली आणतो तेव्हा काहीतरी असणारच. काय असेल, ह्याचा विचार करत तो जागा राहायचा. प्रीतीचं कुठे काही जमलंय काय? शालूच्या भावांचं काही? की आपलंच काही, आपल्या तोंडावर बोलता येणार नाही असं? एकदा तो चपला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिला होता. आत दोघी भाकरी थापत होत्या, पाठमोऱ्या. काही ऐकू आलं नाही. त्यावरून त्याने ताडलं की आपली चाहूल लागल्यामुळे त्या गप्प झाल्या. ह्याच एप्रिलात त्याचा बांध फुटला. "माझ्या घरात माझ्या माघारी कुजबूज चालायची न्हाय," असं तो म्हणाला. शालू हातातलं उलथनं घेऊनच समोर आली. "कोन कुजबुजतंय? वरडून वरडून माझा घसा बसलाय की!" "मग वरडायचं तरी काय कारण?" असं त्याने विचारलं, आणि त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं त्याला सुरीसारखं लागलं. तेव्हापासून प्रीती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

आणि आता हा दिवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पेपर तोंडासमोर धरला आणि शालू समोर येऊन बसल्यावर डोळे मिटून घेतले. पेपराच्या मागे काहीच नव्हतं. पेपर खाली केला तर शालू बोलतच होती, बोटाने गॅसच्या टाकीकडे दाखवत होती. पुन्हा पेपर वर. पुन्हा काही नाही. पेपर खाली केला की बायको चालू, वर केला की बंद. असं चारपाच वेळा झाल्यावर शालूने पेपर ओढून घेतला आणि "काय पोरखेळ लावलाय?" असं म्हणाली. म्हणाली असावी. तिच्या ओठांवरून त्याला तसं दिसलं. दिसलं, हा शब्द मनात आला तसा तो उठून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. पाणी पडताना दिसत होतं, बादली भरताना दिसत होती.

पण हे खरं असणं शक्य नव्हतं, कारण त्याच्याकडे पुरावा होता. कारखान्यात त्याची एक सळी होती, हातभर लांब, पोलादी, एका टोकाला गोल मूठ. चालू यंत्राच्या बेअरिंगवर एक टोक टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची. आत गोळी खराब झाली असली, तेल कमी पडलं असलं तर सळीतून कळतं. सगळेच फिटर असं करतात, कुणी सळीने, कुणी लांब स्क्रू ड्रायव्हरने. फरक एवढाच की बाकीचे मूठ कानाच्या भोकाशी धरत आणि प्रसेनजीत कानामागच्या हाडावर दाबून धरी. कधीपासून, ते त्यालाही आठवत नव्हतं. डाव्या कानामागे. तिथे दाबली की यंत्र थेट डोक्याच्या मधोमध येऊन बसायचं. केरबा, त्याच्या हाताखालचा जुना फिटर, ज्याचा साधा जयभीमसुद्धा दोन शेतं ओलांडून जायचा, तो कौतुकाने म्हणायचा, "साहेब, तुमच्या कानाला तोड न्हाय. आमाला नुसतं घुर्रर्र ऐकू येतंय, तुमाला त्यातली कुरकुर कळतीया." आणि मिलच्या त्या धडधडाटात केरबाचा शब्द न् शब्द त्याला ऐकू यायचा. तिथे सगळेच बेंबीच्या देठापासून ओरडत असतात, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. यंत्राचा बारीकसा आजार ओळखणारा माणूस बहिरा कसा असेल? गेली पाचसहा वर्षं घरात संशय आला की तो मनातल्या मनात ती सळी पुढे करायचा. न्यायाधीशासारखा बसून त्याने स्वतःला निर्दोष सोडलं होतं.

शाहूपुरीतल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे तो एकटाच गेला. खाली दुकानं, वर दवाखाना, जिन्यात औषधाचा वास. बाई तरुण होत्या, चेहरा मोकळा, ओठ ठळक हलवून बोलणाऱ्या, त्यामुळे त्याला त्या आवडल्या. त्यांनी एक दोन पायांचा लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटला आणि त्याच्या कानासमोर धरला. "ऐकू येतंय?" चिमट्याचे पाय थरथरताना दिसत होते. "न्हाई." मग त्यांनी चिमट्याचा दांडा त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवला, आणि डोक्याच्या मधोमध एक लांब, गोल, स्वच्छ सूर उभा राहिला. ही तर सळीच होती. "येतोय," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला पुढचं सगळं कळून चुकलं, जसं दार उघडायच्या आधीच आतला माणूस गेल्याचं कळतं. बाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा कान उघडला. पडद्याच्या मागे तीन हाडं असतात, एकमेकांत अडकलेली. पडदा हलला की हातोडी हलते, हातोडीमुळे ऐरण, ऐरणीमुळे रिकीब. घोड्याच्या खोगिराला पाय ठेवायला असते तशीच रिकीब, फक्त तांदळाच्या दाण्याहून लहान. अंगातलं सगळ्यांत बारकं हाड. ती एका खिडकीत बसलेली असते, खाली-वर हलते, आणि ते हलणं आतल्या पाण्यात उतरतं. तिथून पुढे मेंदू. "तुमची रिकीब जाम झालीय," बाई म्हणाल्या. "तिच्याभोवती नवं हाड वाढलंय. आतला कान उत्तम आहे. म्हणून हाडाला लावलेलं तुम्हाला ऐकू येतं, कदाचित इतरांपेक्षा चांगलं येतं, कारण बाहेरचा गोंगाट आत पोचतच नाही. हवेतून आलेलं मात्र दारातच अडतं." जाम. उभा जन्म त्याने हा शब्द यंत्रांबद्दल वापरला होता.

त्या म्हणाल्या ते त्याने नीट पाहून घेतलं, एक ओठ न चुकवता. जाम झालेलं हाड काढायचं आणि तिथे केसासारखा बारीक पिस्टन बसवायचा. आधी डावा कान, कारण तो जास्त गेलाय. बहुतेकांना येतं. शंभरात एखाद्याचा आतला कानच मरतो. "मेला म्हणजे?" "म्हणजे मग हाडाला लावलं तरी येणार नाही." खुर्चीवर बसल्या बसल्या त्याने आपला डावा कान हाताने झाकला. तो सळीचा कान होता. माणसांसाठी गेलेला आणि यंत्रासाठी राहिलेला. उजव्या बाजूला त्याने सळी लावून पाहिली होती, तिथे सूर असा लागायचा नाही. म्हणजे सौदा असा होता की जे हातचं आहे ते पणाला लावायचं, पळत्याच्या पाठी. आणि ते पळतं तरी काय होतं? दोन बायकांची कुजबूज. बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का? वडिलांना?" त्याने नाही म्हणून मान हलवली. बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "तुम्ही फार हळू बोलता," त्या म्हणाल्या. "ह्या आजारात माणसं हळूच बोलतात. स्वतःचा आवाज त्यांना डोक्यात घुमतो, त्यांना वाटतं आपण मोठ्यानेच बोलतोय."

जिना उतरताना त्याने कठडा घट्ट धरला होता. शिरोळकडच्या त्यांच्या वस्तीत सगळे म्हणायचे, गणपा लई मऊ बोलतोय. गणपती, त्याचा बाप, कृष्णेकाठच्या पाणीउपसा पंपावर कामाला होता. पंप चालू असला की चांगला बोलायचा. बंद झाला की नुसता हसायचा. बहिरा गणपा. पोरं त्याच्या पाठीमागे जाऊन वाटेल ते बोलायची, त्याच्या आईवरून, बायकोवरून, आणि तो पुढे चालत राहायचा. पोरांच्या घोळक्यात प्रसेनजीतही असायचा आणि त्याला एकच नको असायचं, की बापाने वळून बघावं. शाळेत त्याला कुणी दोनदा हाक मारली तर तो दचकायचा. चाळिशीपर्यंत मग तो हाक यायच्या आधीच वळायला शिकला होता. आणि एका भीमजयंतीला समाजमंदिरापुढे गाण्याची पार्टी आली होती, पेटी, ढोलकी, पेट्रोमॅक्स. बाप सगळ्यांत पुढे जाऊन बसला. त्याने काठीचं एक टोक पेटीच्या लाकडावर टेकवलं आणि दुसरं टोक दातांत धरलं. डोळे मिटलेले. पेटीवाल्याने हसून त्याला राहू दिलं. पोरं फिदीफिदी हसायला लागली, गणपा काठी खातोय, गणपा काठी खातोय. प्रसेनजीत मान खाली घालून घरी निघून आला आणि आईला म्हणाला, आप्पाला येड लागलंय. यल्लव्वा, त्याची आई, चुलीपुढे होती. ती म्हणाली, "येड न्हवं बाळा. गानं ऐकतोय त्यो." आईलाही येड लागलंय, असं त्याला वाटलं होतं. आता शाहूपुरीच्या रस्त्यावर, रिक्षा, टेम्पो आणि हॉर्न न देता अंगावर येणाऱ्या मोटरसायकलींच्या मधोमध, त्याला बापाच्या गळ्याच्या हलणाऱ्या शिरा दिसल्या. बाप त्या दिवशी गुणगुणत होता. पेटीबरोबर, सुरात. एका रिक्षावाल्याने त्याला हाताने बाजूला सारलं. ओठांवरून दिसलं ते असं, "पावनं, भैरं हाय काय?"

घरी गेल्यावर त्याने एका दमात सांगितलं: कान दाखवला, हाड जाम झालंय, ऑपरेशन करायचं म्हणतात. शालूने हातातलं ताट खाली ठेवलं, त्याच्या दंडाला हात लावला, मग त्याच्या समोर आली आणि बोलली. आधी दंडाला हात, मग समोर, मग बोलणं. हा क्रम त्याला त्या क्षणी पहिल्यांदा दिसला. एकवीस वर्षं ती असंच करत आली होती आणि त्याला वाटायचं, बायको लाघवी आहे. "मला म्हाईत हाय," शालू म्हणाली. "आत्यांनी, तुमच्या आईनं, हळदीतच सांगितलंतं. ह्या घरातल्या बाप्यांस्नी चाळिशीत कान जातोय, सूनबाई, समोर हुबं ऱ्हाऊन बोलायची सवय लावून घे. आन् त्याला कळू दिऊ नगंस, त्याचा बा लई खचला हुता." प्रीती दारात उभी होती. तिच्याकडे बघून त्याने विचारलं, "तुला?" तिने होकार दिला. तीही समोर येऊनच बोलायची, लहानपणापासून. बापाच्या समोर येऊन बोलायचं, ही ह्या घरात लेकरांना लावायची सवय होती, जेवणाआधी हात धुवायच्या सवयीसारखी. म्हणजे ह्या तिघींनी, मेलेल्या आईसकट, त्याच्याभोवती कुंपण घातलं होतं आणि तो आत मोकळा फिरत होता, स्वतःला तीक्ष्ण कानाचा समजून. दुसरा कुणी असता तर त्याचे डोळे भरून आले असते. प्रसेनजीतला भयंकर राग आला. माहीत होतं! ह्यांना माहीत होतं की पाठ वळवली की ह्याला काही कळत नाही. मग पाठ वळवून ह्यांनी काय काय बोलून घेतलं असेल? तो पोरांचा घोळका आता त्याच्या घरात राहत होता, आणि ह्या वेळी पुढे चालणारा तो होता.

ऑपरेशनला तो हो म्हणाला ते त्या रागाच्या भरात, आणि त्या रात्रीच त्याने मनाशी बेत आखला. पिस्टन बसवायचा. कान आला तर कुणाला सांगायचं नाही. फरक नाही, असं म्हणायचं. डॉक्टरीणबाईंना गाठून तेवढं कबूल करून घ्यायचं, नाहीतर त्यांनाही न सांगता गप्प राहायचं. मग घरी जाऊन पूर्वीसारखं बसायचं, हसायच्या वेळी हसायचं, आणि दोघी पाठमोऱ्या झाल्या की ऐकायचं. आठवडाभर, महिनाभर. एकदा कळलं पाहिजे. काय बोलतात ते एकदा कळलं की मग पुढचं पुढे. बेत ठरला तसं त्याला थंड, शहाणं वाटायला लागलं. सळी जाण्याची भीती मात्र गेली नाही. पुढच्या आठवड्यात कारखान्यात ओव्हरहॉलिंग चालू होतं, सगळी मिल आडवी पडली होती, एक पाण्याचा पंप तेवढा चालू होता. तो त्या पंपापाशी उकिडवा बसला आणि सळीची मूठ डाव्या कानामागे दाबली. पंप डोक्यात आला. बेअरिंग गोल फिरत होतं, अगदी निरोगी, आणि त्याच्या आडून पाण्याचा सरसर जाणारा आवाज. बाप ह्याच आवाजाशेजारी तीस वर्षं बसला होता. केरबा समोर येऊन बसला. "त्योच कान कापनार व्हय?" त्याने विचारलं. "दुसरा करून घ्या की. ह्यो आपल्या कामाचा हाय." "डॉक्टर न्हाई म्हणत्यात." "आन् गेला म्हंजे?" प्रसेनजीतने मूठ आणखी दाबली. केरबाने त्याच्या हातातून सळी घेतली, मूठ स्वतःच्या कानाशी धरली, तोंड वाकडं केलं आणि परत दिली. "मी पोरीला सांगितलंय तुमच्या," तो म्हणाला, "काल दूध संघापाशी भेटलीती. म्हटलं बाई, बापाला समजाव, ह्यो कान म्हंजे मिलचा जीव हाय. तर रडायच लागली की ती." प्रसेनजीतने ते पाहिलं, पण रडली हे त्याच्या बेतात कुठे बसत नव्हतं, म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं. बापाला समजवायला प्रीती काही आली नाही. तिने विचारलं ते एवढंच की पप्पा, दवाखान्यात कुठला शर्ट घालणार, पुढून बटणाचा घाला, डोक्यातून काढायला नको.

जूनच्या एका सकाळी त्याला टेबलावर निजवलं. आत सगळ्यांची तोंडं बांधलेली. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचे ठळक ओठ हिरव्या फडक्याआड गेले आणि त्याबरोबर त्या मुक्या झाल्या. सगळे मुके झाले. डोळे इकडून तिकडे फिरत होते, फडकी फुगत होती, बसत होती, म्हणजे आत बोलणं चालू होतं. मान उजवीकडे वळवली, उजवा कान उशीत रुतला, चेहऱ्यावर कापड आलं. आता डोळेही गेले. हात तेवढा कापडाबाहेर, आणि तो सिस्टरने धरला होता. आधीच ठरलं होतं: एकदा दाबला की हलायचं नाही, दोनदा दाबला की चक्कर येते का ते सांगायचं. कानात सुई गेली, मग बधिरपणा, गालापर्यंत जड. त्याने श्वास मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. हात एकदा दाबला गेला. डोक्यात खरखर आली, हाडाला लोखंड लागल्याची, आणि ती त्याला स्पष्ट ऐकू आली, सळीसारखी. जिभेच्या कडेवर अचानक पत्र्याची चव आली, लहानपणी विजेरीचा सेल चाटायचा तशी. सेल बापाने आणलेला असायचा, पंपावरून, जुना. मग कुठेतरी खोल एक बारीक कट्ट झालं. रिकीब तुटली, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. आता तिथे काहीच नव्हतं. खिडकी उघडी. खोली एका बाजूला कलंडली, टेबल उलटं होऊन आढ्याला लागलं, हात दोनदा दाबला गेला आणि तो म्हणाला, "फिरतंय, फिरतंय." कुणीतरी त्याचं कपाळ घट्ट धरलं. गेला. कान गेला. त्याला पंप आठवेना. त्या निरोगी बेअरिंगचा आवाज कसा होता, तेच आठवेना. त्या क्षणी त्याला कुजबूज नको होती, बेत नको होता, फक्त ती हातभर सळी हवी होती, आणि ती मागायची कुणाकडे हे कळत नव्हतं. बाप खचला होता म्हणे. कधी खचला? आपण होतो ना तिथे. आपण बघत होतो.

मग डोक्याचं फिरणं संथ झालं. आणि काहीतरी आलं. डोक्याच्या मधोमध नव्हे. बाहेरून, डावीकडून, वरून. आधी भांड्यात चिमटा ठेवल्याचं टिणकन वाजलं आणि ते इतकं जवळ, इतकं धारदार होतं की त्याचे डोळे कापडाखाली मिटले. मग कापड घासल्याची सळसळ. मग पावलं, रबरी चपला फरशीवर चिकटत, सुटत. मग एका बाईचा आवाज, फडक्याआडून, हळू. खरोखर हळू. कुजबूज. "तानाबाई, ह्यांची पोरगी भाईर जिन्यावर बसलीया, रडून रडून डोळं सुजल्यात. सकाळपास्नं पानी बी न्हाय घेतलं." दुसरा आवाज, जाडसर: "आन् आई?" "आई तिलाच समजावतीया. पोरगी म्हनती, आमचं बोलनं न्हाय ऐकू आलं तर न्हाय येऊ दे, पर पप्पांचं त्ये सळीनं मशीन ऐकायचं तेवढं जाया नको. कसली सळी म्हायती न्हाय बाई. दोगी मायलेकी सारक्या त्येच बोलाय लागल्यात."

त्यानंतर डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. हा आवाज त्याने कधीच ऐकला नव्हता, नुसता पाहिला होता. तो जरा घोगरा होता. त्या कानापासून लांब, हळूच म्हणाल्या, "ऐकू येतंय का?" प्रसेनजीत गप्प राहिला. गप्पच राहायचं ठरलं होतं. पण तो काही बेतामुळे गप्प नव्हता; तो अजून फडक्याआडच्या त्या दोघींच्या पुढच्या बोलण्याची वाट बघत होता आणि ते बोलणं थांबलं होतं. "पावणं, माझा आवाज येतोय?" आता त्या आवाजात काळजी होती. चपला थांबल्या. फडक्याआडचे श्वाससुद्धा त्याला ऐकू आले, तीनचार माणसांचे, सगळे रोखलेले. सिस्टरने त्याचा हात एकदा दाबला, मग उगाचच दुसऱ्यांदा. त्याच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून उशीत जिरत होतं.

"त्या पोरीला च्या द्या," तो म्हणाला.

स्वतःचा आवाज त्याला कित्येक वर्षांनी बाहेरून ऐकू आला. तो फार बारीक होता. मऊ. आप्पांचाच.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. कुणालाच गेलं नव्हतं.

प्रसेनजीतने छातीत दम भरून घेतला आणि मिलमध्ये केरबा ओरडतो तसा तो ओरडला, "त्या जिन्यावरच्या पोरीला कोनीतरी च्या द्या की!"

"हलू नका, हलू नका," बाई म्हणाल्या. तानाबाईच्या चपला दाराकडे निघाल्या होत्या, आणि त्या दारापर्यंत पोचेपर्यंत प्रत्येक पाऊल त्याला ऐकू येत होतं.